माझे इंजिन मुंबईला गेले

मी एक जुनी मोटार आहे, असे मला पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते. लांब नाक, बाहेर काढलेले दोन गोल दिवे, फणसाच्या लाकडाचे पिवळे बाक आणि रबरी फुग्याचा भोंगा. पण मित्रांनो, मी जुन्या काळातली नाही. मला जुनी दिसेल अशी घडवली. माझा जन्म अलोऱ्याच्या बौद्धवाडीत, दत्ताराम नावाच्या निवृत्त वेल्डरच्या पडवीत झाला, आणि त्याला अजून फार वर्षे झालेली नाहीत.

दत्तारामचा मुलगा प्रज्ञेश नोकरीसाठी मुंबईला गेला, तेव्हा त्याची मोटारसायकल पडवीत राहिली. इंजिन जाम होऊ नये म्हणून दत्ताराम दर रविवारी किक मारायचा. इंजिन थोडा वेळ धडधडायचे, मग तो ते बंद करायचा आणि उगाच फडक्याने टाकी पुसत बसायचा.

एकदा त्याची बायको प्रभावती म्हणाली, "नुसती पुसून काय होनार? माजे गुडघे दुकतात, त्या उंच सीटवर मला चढवत नाय. दोघांना बसून जाता येईल असं कायतरी करा की."

तिच्या या बोलण्यातून मी जन्मले. चिपळूणच्या भंगारवाल्याकडून स्कूटरची दोन चाके आणि जीपचे स्टिअरिंग आले. ती चाके पुढे बसली. पत्र्याचे पिंप कापून माझे मडगार्ड झाले. माझे रूप सलूनमधल्या कॅलेंडरावरच्या मोटारीवरून घेतले. मागे एकच चाक. ते चाक आणि इंजिन प्रज्ञेशच्या मोटारसायकलचे. तिचा उरलेला सांगाडा दत्तारामने ताडपत्रीत गुंडाळून माळ्यावर ठेवला.

प्रज्ञेशला विचारायचे मात्र राहून गेले. फोन आला की दत्ताराम "जेवलास का?" एवढेच विचारायचा आणि फोन प्रभावतीच्या हातात द्यायचा.

मला नंबराची पाटी नव्हती, म्हणून मोठ्या रस्त्यावर जायची मनाई होती. आमच्या फेऱ्या वाडीत आणि शेजारच्या सरकारी कॉलनीच्या आतल्या रस्त्यांवर व्हायच्या. मोटारसायकलच्या इंजिनाला मागे जाणे ठाऊक नसते. त्यामुळे वळवताना कोणीतरी उतरून मला ढकलावे लागे, आणि ते काम प्रभावती गुडघे दुखत असूनही हसत करायची. जयंतीला मला निळ्या पताका लावल्या. वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या यमुनाबाई माझ्यात बसल्या. लोक फोटो काढत होते. यमुनाबाई म्हणाल्या, "दत्ताराम, मी काय नवरी हाय काय रे?" तेव्हा मिरवणुकीतले सगळे हसले.

त्या दिवशी घरी आल्यावर दत्तारामने माझ्या नाकावर हात ठेवला. "प्रज्ञेशला दाखवायला पायजे," तो म्हणाला. असे तो वरचेवर म्हणायचा. ज्याला मी कधी पाहिले नव्हते, त्याची वाट पाहायला मी त्याच्याकडूनच शिकले.

आणि एका मे महिन्यात प्रज्ञेश न कळवता आला. पाठीवरची बॅग न उतरवताच त्याने विचारले, "बाबा, माझी गाडी कुठाय?"

दत्तारामने माझ्याकडे बोट दाखवले.

प्रज्ञेशने माझे मागचे झाकण उघडले. "माझं इंजिन घातलंत यात? एकदा विचारायचंत तरी! मला पार्सल पोचवायचं काम मिळतंय. स्वतःची गाडी असेल तरच घेतात."

"म्हंजे? तुजी नोकरी?" प्रभावतीने विचारले.

"गेली. गेल्या पावसाळ्यातच गेली."

"मग तू तरी कुठं सांगितलंस आमाला?" ती म्हणाली.

दत्तारामने माझे झाकण लावले. तो म्हणाला, "च्या पी. मग काढूया इंजिन."

"काढायच्या आधी एक फेरी मार रे बाबा," प्रभावती म्हणाली. "आमी हिला तुज्यासाठीच जपून ठेवलीय."

प्रज्ञेश माझ्या स्टिअरिंगवर बसला, शेजारी दत्ताराम. कॉलनीच्या टोकाला रस्ता संपला, तेव्हा प्रज्ञेश मागचा गिअर शोधू लागला.

"नाय तिला मागचा गिअर. उतर, ढकल."

दोघे उतरले आणि खांद्याला खांदा लावून त्यांनी मला ढकलले. मग प्रज्ञेशला अचानक हसू फुटले. "एवढी मोटार बनवलीत, आणि हे?"

जेवण झाल्यावर दोघे नट सोडवायचे पाने घेऊन माझ्यापाशी बसले. इंजिन वेल्डिंगने जोडले असेल, कापावे लागेल, अशी प्रज्ञेशला भीती होती. पण तिथे सगळीकडे नटबोल्ट होते.

"तुम्ही एवढे वेल्डर, आणि बोल्ट का लावलेत?"

दत्तारामने मान वर केली नाही. "तुजं हाय ना ते? परत द्यायला नको?"

प्रज्ञेशने पुढचा बोल्ट फार सावकाश सोडवला. मित्रांनो, माझे काळीज काढले जात होते, तरी ती दुपार संपू नये असे मला वाटत होते. बापलेकांची डोकी माझ्यावर वाकली होती. ते एकमेकांना पाना मागत होते, एकमेकांच्या चुका काढत होते, चहा थंड होत होता. अंगाला पहिल्यांदा स्टिअरिंग लागले होते, त्या दिवसापेक्षाही हा दिवस मला अधिक मोलाचा वाटला.

माळ्यावरचा सांगाडा, माझे इंजिन आणि मागचे चाक मिळून दोन दिवसांत मोटारसायकल जुळली आणि प्रज्ञेश तिच्यावर बसून गेला. वळणापलीकडे गेल्यावरही माझ्या इंजिनाचा आवाज ऐकू येत होता. तो विरला, तेव्हा दत्ताराम हातातले फडके घेऊन तसाच उभा होता.

आता अंगणाच्या कोपऱ्यात माझा मागचा भाग जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवलेला आहे. पहिल्या पावसाळ्यात मला कोणी झाकले नाही. पत्र्याला गंज चढला, बाकाखाली मुंग्या आल्या, एका कोंबडीने माझ्यात पिल्ले काढली. दत्ताराम माझ्याकडे बघायचे टाळायचा.

पण अंगणात मोबाइलला रेंज फक्त माझ्याच कोपऱ्यात येते. म्हणून प्रभावती संध्याकाळी माझ्या बाकावर बसून प्रज्ञेशशी बोलू लागली. एका संध्याकाळी दत्ताराम मुकाट्याने येऊन तिच्या शेजारी बसला आणि त्याने फोन मागून घेतला.

"गाडी कशी चाललीय?"

"बरी चाललीय, बाबा. थांबा, ऐकवतो." पलीकडे किक बसली. मुंबईतल्या कुठल्याशा गल्लीत माझे इंजिन धडधडू लागले, आणि मी ते ऐकले.

दत्तारामने डोळे मिटले. "इंजिनातले टॅपेट वाजतायत. सेट करून घे. आणि तू कसा हायस? खरं सांग."

त्या दिवशी ते पुष्कळ वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी दत्तारामने माझ्यावर छपरासारखी ताडपत्री बांधली.

मित्रांनो, तुम्ही अलोऱ्याला आलात तर माझ्यावर खुशाल खेळा. स्टिअरिंग फिरवा, तोंडाने इंजिनाचा आवाज काढा, मला राग येणार नाही. फक्त संध्याकाळी दत्ताराम आणि प्रभावती फोन घेऊन अंगणात आले, की खाली उतरा. जाताना हाताने बाक झटका आणि त्या दोघांना जागा करून द्या.