बगळ्याच्या डबक्यात माझे तीन पाय

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवतात. फोटो चांगला आला की लोक कॅमेऱ्याची स्तुती करतात, हलला की दोष मला देतात. मित्रांनो, माणसांच्या अकलेविषयी माझं मत तेव्हापासूनच बरं नाही.

अंधेरीच्या एका सुताराने मला सागवानाचे पाय केले आणि वर पितळी मळसूत्र बसवलं. १९५४ साली विलेपार्ल्याच्या नंदकिशोरने मला विकत घेतलं. तो सहा दिवस कारकून असे आणि रविवारी कलावंत. त्याची धाकटी बहीण वसुधा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. विक्रोळीच्या खाडीत तिने एक लहान बगळा पाहिला होता. काळे पाय, पिवळे पंजे. तो एक पंजा चिखलात थरथरवतो, दडलेले मासे घाबरून बाहेर पळतात आणि तो त्यांना टिपतो, असं ती सांगे. "मग फोटो दाखवा," एवढंच तिचे प्राध्यापक म्हणाले. तिला तेवढा एक फोटो हवा होता.

एका रविवारी ओहोटी लागल्यावर तिने मला खाडीतल्या एका डबक्यात रोवलं. कॅमेऱ्याच्या बटणाला लांब दोरी बांधली आणि टोक धरून तिवरांच्या झुडपांमागे बसली. सोबत नंदकिशोर आणि त्याचा मित्र जयवंत होते. या दोघा रसिकांनी वाटेत एकमेकांचेच फोटो काढले होते. रोलमध्ये आता एकच उरला होता.

बगळा आला. मला खुंट समजून अगदी जवळ उभा राहिला. इतकं निश्चल उभं राहणारं मी माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही. तिवरांमागे मात्र कुजबुज चालू होती.

"ओढ ना गं वसु."

"थांब रे दादा. पाय हलवू दे."

"पाय कोण बघतंय? पंख पाहिजेत."

"तिला त्याचा नाच बसवायचाय," जयवंत खिदळला.

पंजा थरथरला. गढूळ पाण्यातून एक मासा निसटला. चोच खाली येणार, तोच नंदकिशोरने खूण केली, जयवंतने टाळी वाजवली. बगळा उडाला. नंदकिशोरने वसुधाच्या हातातली दोरी हिसकून ओढली. मी हललो नाही, म्हणून फोटो स्वच्छ आला. श्रेय अर्थात कॅमेऱ्याला.

नंदकिशोरच्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. नाव दिलं होतं 'मुक्ती'. शोभेसाठी मला शेजारी उभं केलं होतं. वसुधाचे प्राध्यापक येऊन म्हणाले, "सुरेख. पण यात चिखल ढवळणं कुठे आहे?" ते गेल्यावर नंदकिशोर गळ्यातला हार सावरत आला.

"बघ वसु, नाव झालं की नाही?"

"दादा, तो उपाशी गेला."

"कोण?" नंदकिशोरने विचारलं.

आज कॅमेरा काचेच्या कपाटात आहे आणि माझ्यावर पंचे वाळतात. तक्रार नाही. पंचे टाळ्या वाजवत नाहीत. पण मित्रांनो, तुम्ही खाडीवर जाल तेव्हा थोडा वेळ गप्प उभे राहा. दोन पायांवर तेवढं जमायला हरकत नाही. बगळ्याचं जेवण होऊ द्या. पोट भरलं की तो आपणहून उडतो.