किंमत उभी की आडवी

अकरावीला मी अर्थशास्त्र घेतलं, तेव्हा नाना आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. नाना म्हणजे माझे वडील. माझ्याच शाळेत गणित शिकवायचे आणि आपली मुलगी गणित सोडते हे त्यांना भर बाजारात पगडी उडाल्यासारखं वाटलं. शेवटी आईनं मध्ये पडून तह केला. सहामाहीत अर्थशास्त्रात पहिला वर्ग आला तर विषय राहील, नाहीतर मुकाट्यानं नानांच्या वर्गात.

मला तो विषय सोडायचा नव्हता. पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं होतं, "तहानलेल्याला पाण्याचा पहिला पेला आणि चौथा पेला सारखाच गोड लागतो का?" एवढी साधी गोष्ट शास्त्रात असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाई नव्या होत्या, लहानखुऱ्या. दर वाक्यात मागणी यायची, म्हणून आम्ही त्यांना मागणीबाई म्हणायचो.

सहामाहीच्या तोंडावर नानांनी माझी मागणीची आकृती पाहिली.

"ही उभी रेषा कसली?"

"किंमत."

"आणि आडवी?"

"मागणी."

"उलटं काढलंयस. किंमत बदलते म्हणून मागणी बदलते ना? मग कारण आडवं, परिणाम उभा. घोड्याच्या पुढे गाडी बांधतात का कुणी?"

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं. त्या हसल्या. "सरांचं चुकत नाही गं. पण आमच्यात पहिल्यापासून किंमत उभीच काढतात. जुनी खोड म्हण. सरांचं ऐकून उलट काढलंस तर आकृतीला भोपळा. पेपर मी तपासणार आहे, सर नव्हे."

घरी हे सांगितल्यावर नाना एवढंच म्हणाले, "ज्या शास्त्राला खोड आहे, ते शास्त्र कसलं?"

परीक्षेच्या दिवशी आमच्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून नानाच आले. मागणीची आकृती सक्तीची होती आणि तिच्यावाचून पहिला वर्ग येणं कठीण होतं. आकृतीसाठी वेगळा पातळ कागद मिळाला. मी दोन रेषा काढल्या, उतरती रेघही काढली आणि नावं घालायला पेन्सिल टेकवली, तेवढ्यात मागे नानांच्या वहाणा थांबल्या.

खडूचा वास आला. मी वळून पाहिलं नाही. उभ्या रेषेशी 'किंमत' लिहिलं.

नाना खाकरले.

त्यांच्या वर्गात त्या खाकरण्याचा अर्थ पोराटोरांनाही ठाऊक होता: चुकलंय, पुन्हा बघ. शेजारच्या मुलीनं घाबरून स्वतःचंच उत्तर खोडलं. माझा हात आपोआप रबराकडे गेला. जन्मभर त्या खाकरण्याला मी हुकूम मानलं होतं. रबर अक्षरावर टेकलंसुद्धा, 'त' थोडा पुसट झाला. वहाणा तिथंच होत्या.

मग मी रबर खाली ठेवलं, 'त' पुन्हा ठळक केला आणि आडव्या रेषेखाली 'मागणी' लिहिलं.

वहाणा खिडकीकडे गेल्या.

त्या दिवसापासून घरात पुन्हा मौन. नाना जेवताना फक्त "मीठ" म्हणायचे. आई मला म्हणाली, "दोघंही एकाच मातीचे. मी आपली मधल्यामधे भरडली जातेय."

पेपर मिळाले. मला पहिला वर्ग होता. मी पेपर नानांपुढे ठेवला आणि दारातच उभी राहिले. त्यांनी गुण पाहिलेच नाहीत. आकृतीचा कागद तेवढा काढला, खिडकीपाशी गेले, तो पालथा केला, काटकोनात फिरवला आणि उजेडासमोर धरला. पातळ कागदातून रेषा पलीकडून दिसत होत्या: किंमत आडवी, मागणी उभी.

"हं," नाना म्हणाले. "मागून पाहिलं की बरोबर आहे."

"म्हणजे विषय राहिला का तिचा?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"राहू दे." कागद माझ्या हातात देत ते म्हणाले, "पण ते पाण्याच्या पेल्याचं काय म्हणतात तुझ्या बाई? बस, नीट सांग."