करडे मोजले का?

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी तोंड वाकडं करायला नको. कार्डिफच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. नाव बथशेबा किहीमकर. तिथल्या सर्जन लोकांच्या जिभेवर ते आडनाव कधी चढलंच नाही, म्हणून मी सिस्टर किम. मूळचे आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पण माझी सिमा जन्मली ती कार्डिफमध्येच, म्हणून तिच्या मराठीत चुकला-चुकलीचा घोळ कायमचा.

सिमाला लहानपणापासून माझी एक बढाई पाठ होती. नातेवाईक जमले की ती खुर्चीवर उभी राहून सांगायची, "माझ्या आईची मोजणी कधी म्हणजे कधीच चुकला नाही!" मोजणी स्वॉबची. स्वॉब म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचे कापडाचे तुकडे, पाच-पाचांच्या गठ्ठ्यात येणारे. पोट शिवायच्या आधी ते सगळे मोजायचे, आणि ते दोघींनी, मोठ्याने. एक टेबलाशी हात धुऊन उभी, दुसरी बाहेरच्या बाजूला फिरती, तिला आम्ही रनर म्हणायचो. एकीने आकडा म्हणायचा, दुसरीने तोच पुन्हा म्हणायचा, फळ्यावर खूण करायची. जुळलं की मी म्हणणार, "काउंट करेक्ट." मग सर्जनने मोठ्याने म्हणायचं, "थँक यू, सिस्टर." तो असं म्हणेपर्यंत मी शिवायची सुई त्याच्या हातात देत नसे. मग तो कितीही मोठा सर्जन असो, आणि त्याची गोल्फची वेळ टळून जावो.

तर अशा बाईची मुलगी काय झाली? देवमासे मोजणारी! समुद्रातल्या प्राण्यांचं शिक्षण घेतलं आणि पोरगी गेली कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फात, तिथल्या सरकारी खात्याच्या नोकरीवर. लंडनजवळ पिनरला आमची मावसबहीण अलका राहते, तिचा मुलगा दातांचा डॉक्टर. ती दर फोनला विचारायची, "सिमा अजून मासेच मोजते का गं?" मी म्हणायची, "हो, आणि तुझा राजीव अजून दातच मोजतो ना?" की मग फोन लवकर आटपायचा.

सिमाने पहिली मोजणी केली १९८६ साली. एका खाडीत उन्हाळ्यात पांढरे देवमासे येतात, ते तिने विमानातून मोजले. चारशे बारा. हा आकडा खात्याला फार कमी वाटला. त्या खाडीकाठच्या इन्युइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, गावाला वर्षाला पस्तीस देवमासे मारायची मुभा होती, ती खात्याने आठांवर आणली. तिथे ना शेत ना भाजी. दुकानातला एक सुकलेला कोबी विमानाने येतो. देवमासा म्हणजे त्यांचं जेवण, आणि आठांत अख्ख्या गावाचं काय भागणार? पण सिमाचा आकडा छापला गेला, तिचं नाव झालं, आणि मी कात्रण फ्रिजवर चिकटवलं.

पुढची गोष्ट १९९२ च्या सप्टेंबरातली. त्या उत्तरेकडच्या समुद्राबद्दल शास्त्रज्ञांची, सरकारी लोकांची आणि शिकाऱ्यांची मोठी बैठक भरणार होती, आणि जगातली सगळी गावं सोडून ती नेमकी आमच्या कार्डिफमध्ये! सिमा तिथे नवीन मोजणी वाचून दाखवणार होती. ती घरी आली ती एका पाहुण्याला घेऊन. साठीचे, बुटके, रुंद खांद्यांचे, उन्हा-बर्फाने चेहरा रापलेला. त्याच गावातले जुने शिकारी, नाव झकरायासी. आमच्या ह्यांचं नाव झकेरिया. मग काय विचारता! "अगं, हे माझेच नाववाले!" म्हणून हे त्यांना हाताला धरून सगळं घर दाखवत सुटले, अगदी बॉयलरसुद्धा.

झकरायासींनी माझ्यासाठी वाळवलेला मासा आणला होता, नारिंगी रंगाचा, आपल्या रावसासारखा. मी तो उजेडात धरून कातडीवर नख फिरवलं. आमच्यात खवले असलेलाच मासा चालतो. सिमा ओरडली, "आई, प्लीज! पाहुण्यांसमोर?" पण ते हसले. माझ्या हातातून मासा घेऊन त्यांनी स्वतःच्या नखाने दोन बारीक खवले काढले आणि माझ्या तळव्यावर ठेवले. मग पिशवीतून देवमाशाच्या कातडीचा एक तुकडा काढून दाखवला. गुळगुळीत. मी मान हलवली, चालणार नाही. "बरं झालं," ते त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मला जास्त उरेल." माणूस मला तिथेच आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण रटरटत ठेवलं होतं. सिमा स्वयंपाकघरातच टेबलाशी उभी राहून भाषणाची तालीम करत होती. झकरायासी समोर बसून गुडघ्यावरच्या त्यांच्या मोजणीच्या जुन्या वहीकडे बघत होते, आणि हे शेजारी पेपर वाचता वाचता आमचं मराठी त्यांना इंग्रजीत सांगत होते. सिमा वाचत होती: सुधारित पद्धतीने मोजणी, एकूण सातशे साठ देवमासे, शेवटी स्थानिक लोकांचे आभार. संपलं.

"थांब," मी म्हटलं. "चारशे बाराचे सातशे साठ झाले कसे? सहा वर्षांत एवढी पोरं?"

"नाही गं. पोरं तेव्हापण होते." तिने पेन खाली ठेवलं. "मोठे देवमासे पांढरे असतात, ते विमानातून दिसतात. पण पिल्लं करडे असतात. गढूळ पाण्यात वरून दिसतच नाहीत. मागच्या वर्षी आम्ही एकत्र मोजले. मी विमानात, झकरायासी आणि बाकीचे शिकारी टेकडीवर. पांढरे मी मोजायचे, करडे त्यांनी. रेडिओवर ते आकडा मोठ्याने सांगायचे, मी तो रिपीट करायचे, मग लिहायचा."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "अगं, म्हणजे हे तुझे रनर!"

"तसंच काहीतरी."

"आणि हे करडे-पांढरे तुला पहिल्यांदा सांगितलं कुणी?"

सिमाने झकरायासींकडे पाहिलं. झकरायासींनीच सांगितलं, अगदी सावकाश. १९८६ साली ती विमानातून उतरली तेव्हा ते धावपट्टीवर उभे होते. त्यांनी विचारलं होतं, "करडे मोजले का?" आणि आमच्या विदुषीने उत्तर दिलं होतं, "जे दिसतात तेच मोजायचे असतात."

"हे भाषणात कुठे आहे?" मी विचारलं.

तेव्हा सगळं बाहेर आलं. या बैठकीत ठरणार होतं की पुढच्या वर्षापासून मोजणी दोघांनी मिळून करायची, की पुन्हा नुसत्या खात्याच्या विमानाने. दोघांनी केली, तर किती मारायचे हेही मिळूनच ठरणार. पण सिमाच्या साहेबांनी बजावलं होतं की जुना आकडा चुकला असं म्हणायचं नाही, त्यावर खात्याने नियम केला होता. "पद्धत सुधारली" एवढंच म्हणायचं. आणि सिमाची नोकरी कराराची, डिसेंबरात संपणारी.

"मग पद्धत सुधारलीच आहे म्हटल्यावर खातं म्हणेल, आता आमचं आम्ही मोजतो, तुम्ही टेकडीवरून खाली या!" मी म्हटलं. "सहा वर्षं गावाने आठांत काढली, सिमा! तुझ्या आकड्यावर!"

"मला कळतं!" तीही माझीच मुलगी, आवाज चढला. "पण तुला काय जातंय बोलायला? तुझी मोजणी कधी चुकलीच नाही! तुला काय माहीत, हजार लोकांसमोर उभं राहून माझा चूक झाला म्हणायचं म्हणजे काय!"

ह्यांनी पेपर खाली केला. मी गॅस बंद केला. अठरा वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते बाहेर काढायला मी खुर्ची ओढून बसले.

"चुकली होती," मी म्हटलं. "१९७४ साली. रनर दुसरीकडे धावत होती, सर्जन घाई करत होता, आणि मला माझ्या डोळ्यांचा गर्व. मी एकटीने मोजले. काउंट करेक्ट म्हणून टाकलं. सुई देणार, एवढ्यात कोपऱ्यातून एक नवी नर्स म्हणाली, 'सिस्टर, या गठ्ठ्यात मला चारच दिसतात.' वीस वर्षांची पोर. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. म्हटलं, तू मला शिकवणार? ती रडवेली झाली, पण मागे सरली नाही. पुन्हा म्हणाली, चारच आहेत."

"मग?"

"मग पुन्हा मोजले. चारच होते. पाचवा पेशंटच्या पोटात."

सिमा माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुणी परकी बाई तिच्या आईच्या खुर्चीत येऊन बसले होते. मला ते फार लागलं. "बाई जगली. धडधाकट घरी गेली," मी सांगितलं. "पण ती त्या पोरीमुळे, माझ्यामुळे नाही. त्यानंतर सतरा वर्षं मी एकटीने कधी मोजलं नाही. माझी मोजणी चुकत नाही असं लोक म्हणायचे ना, ते त्या दिवसानंतरही म्हणत राहिले. आणि मी त्यांना म्हणू दिलं. तुलाही."

झकरायासींनी विचारलं, "त्या मुलीचं नाव काय?"

"ग्वेनेथ." मी क्षणभरही अडखळले नाही.

"वहीत लिहिलं?"

"लिहिलं. थिएटरच्या रजिस्टरमध्ये, माझ्या हाताने. नर्स ग्वेनेथ हिची मोजणी बरोबर, सिस्टरची चूक. खाली सही."

"तिचं नाव आधी?"

"आधी."

त्यांनी मान डोलावली आणि आपली जुनी वही टेबलावरून सिमाकडे सरकवली. सिमाने ती उघडली नाही, पण तिच्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. कालवण गार झालं. मी कुणालाही वाढलं नाही, आणि मनात आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोलले, पोरीला धीर दे, मी मलिदा करीन.

बैठकीच्या दिवशी मी निळी साडी नेसले, वरून कोट, आणि हे टाय लावून. आम्हाला मागच्या रांगेत जागा मिळाली. सिमाचे साहेब पुढे, करड्या सुटात. सिमा उभी राहिली. पडद्यावर पहिलं पान आलं आणि मी ह्यांचा हात इतका घट्ट दाबला की हे "अगं अगं" करायला लागले. पानावर दोन नावं होती. आधी झकरायासींचं, खाली सिमा किहीमकरचं.

"१९८६ ची मोजणी चुकीची होती," सिमा म्हणाली. "ती माझी चूक होती. पद्धतीची नव्हे, माझी. त्याच दिवशी, धावपट्टीवर, या गृहस्थांनी मला बरोबर प्रश्न विचारला होता. मी ऐकलं नाही. त्याची किंमत त्यांच्या गावाने सहा वर्षं मोजली."

साहेबांची मान ताठ झाली ती मला मागून दिसली. होऊ दे, म्हटलं. मी याहून ताठ माना पाहिल्यात, आणि त्यांना सुईसाठी थांबवलंय.

मग झकरायासी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी वही उघडली, सिमाने तिचा कागद. आणि सुरू झालं. "नदीचं मुख. पांढरे, एकशे चार," सिमा म्हणाली. "एकशे चार," ते म्हणाले. "करडे, एकोणसाठ." "एकोणसाठ," ती म्हणाली. एकेक जागा, एकेक आकडा, मोठ्याने, एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने पुन्हा म्हणायचं. माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. अय्या, हे म्हणजे माझं थिएटरच की! माझी पोर टेबलाशी, आणि माझे पाहुणे रनर. का तेच टेबलाशी आणि ती रनर, कुणास ठाऊक. आता ते वेगळं काढताच येत नव्हतं.

"एकूण सातशे साठ," सिमा म्हणाली.

"सातशे साठ," ते म्हणाले.

अध्यक्षांनी विचारलं, दोघांचं एकमत आहे का? सिमाने मागच्या रांगेकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे.

"काउंट करेक्ट," ती म्हणाली.

सभागृहाला काय कळणार? पण झकरायासींना कळलं. त्यांना मी स्वयंपाकघरात सगळा नियम सांगितला होता. ते तिच्याकडे वळले, टोपी छातीशी धरली आणि मोठ्याने, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येईल असं म्हणाले, "थँक यू, सिस्टर."

मी रडले नाही. थिएटरमध्ये रडायची सवय नसते. रडले ते हे, आणि तेही माझ्याच रुमालात.

बैठकीने शिफारस केली, यापुढे मोजणी मिळूनच, आणि किती मारायचे तेही. खात्याने डिसेंबरात सिमाचा करार वाढवला नाही, तेही सांगते, लपवत नाही. तीन महिने ती घरी बसून होती आणि मी तिला रोज कालवण खाऊ घालत होते. मार्चमध्ये तिकडून पत्र आलं. शिकाऱ्यांची आणि सरकारची मिळून जी नवी समिती झाली, तिने त्या खाडीच्या मोजणीसाठी माणूस मागितला होता. समितीतल्या शिकाऱ्यांनी सिमाचं नावच लिहून दिलं होतं. त्या दिवशी मी नारळ किसला, पोह्यांचा मलिदा केला आणि पिनरला फोन लावला.

अलकाने नेहमीचंच विचारलं, "सिमा अजून मासेच मोजते का गं?"

"हो," मी म्हटलं. "पण एकटी नाही मोजत."