रिकामी किटली

"बटन दाब आणि मोकळी हो की. दोन्हीचा अर्थ एकच हाय," धैर्यशील सर शिवलीलाच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

"न्हाय सर. एकच न्हाय."

राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर लिहिलं जायचं. तिथला कोड तपासणारा लिंटर मोठा शहाणा. नकारातली अट दिसली की लाल रेघ ओढून सरळ अट सुचवायचा; बटन दाबलं की तीच बसायची. शिवलीलाने लिहिलं होतं, 'फॅट साडेपाचपेक्षा कमी नसेल, तर दूध घे.' लिंटर म्हणत होता, 'साडेपाच किंवा जास्त असेल, तर घे.' ऐकायला काही फरक नाही. पण लाईट जाऊन फॅटचं मशीन आकडाच देत नाही, तेव्हा पहिली अट दूध घेते आणि दुसरी परत पाठवते. मशीन गप्प बसलं तर कालच्या फॅटवर दूध घ्यायचं, ही केंद्रावरची जुनी रीत होती.

मागच्या महिन्यात लिंटरची सुधारणा ऑफिसात कुणीतरी न वाचताच मंजूर केली. नेसरीच्या केंद्रावर लाईट गेली आणि बॅटरीवरच्या संगणकाने रत्नव्वाचं, म्हणजे शिवलीलाच्या आईचं, दूध नापास केलं. लाईट लगेच आली, रांगेतल्या मागच्यांचं दूध पास झालं. तोवर ती भरली किटली घेऊन खाली मानेने निघून गेली होती. गावात दूध परत आलं म्हणजे पाणी घातलं, दुसरा अर्थ कोण काढतो? तेव्हापासून ती दूध शेजारच्या बायडाबाईंबरोबर पाठवायची. शिवलीलाने जुनी अट परत बसवली, तशी लाल रेघही परत आली.

उद्या गिऱ्हाईक रिपोर्ट बघायला येणार होतं. निदान ती रेघ रिपोर्टातून लपव, असं सरांनी सुचवलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातली शिवलीला नव्हती. तिने अटीच्या वर लिहिलं, 'आकडा नसेल तर दूध परत पाठवायचं नाही. ही अट बदलू नये. शिवलीला.'

"मग या कामावरनं तुझं नाव काढावं लागंल."

"कामावरनं काढा सर. अटीवरचं ऱ्हाऊ द्या."

त्यांनी खरंच काढलं. शिवलीला कोपऱ्यातल्या टेबलावर कुठल्याशा लॉजच्या बिलांचं काम करू लागली. राग तिला रोज यायचा, पश्चात्ताप एकदाही झाला नाही.

मग एका सकाळी आईचा फोन आला. लेकीच्या रोजच्या आग्रहाने ती आज स्वतः केंद्रावर गेली होती.

"लाईट गेलती," रत्नव्वा म्हणाली. "समद्यांसमोर घेतलं दूध. किटली रिकामी घेऊन आलो."

फोनमध्ये किटली पायरीवर ठेवल्याचा पोकळ आवाज आला.