विस्तव उंबऱ्याबाहेर

गाद्या मऊ आणि बाई टणक, असं बायजाबाईच्या दुकानाबद्दल रोह्यात बोलत. पाठीमागे बोलत, तोंडावर बोलायची छाती कुणाची? गिऱ्हाईकानं गादी चारदा दाबून पाहिली की ती म्हणायची, "कणीक तिंबायला आलास की गादी घ्यायला?" तरी लोक तिच्याकडंच यायचे. लग्नातल्या पलंगावर गादी घालायची तर ती बायजाबाईच्या दुकानातली, असं ठरूनच गेलं होतं.

दुकान तिच्या नवऱ्यानं, गोविंदानं काढलेलं. त्यानं एकच नियम घालून दिला होता: कापसाच्या दुकानात विस्तव नाही. देवाच्या तसबिरीपुढंसुद्धा विजेचा दिवा. उंबऱ्याबाहेर भिंतीत एक कोनाडा ठेवला होता. आत यायचं तर बिडी-काडी त्या कोनाड्यात ठेवायची, मग तो कामगार असो की आमदार. गोविंदा जाऊन सहा वर्षं झाली, पण कोनाडा चालू होता. तिथं रोज सकाळी केरूचं बिडीचं बंडल आणि काडेपेटी येऊन बसायची. केरू नदीपलीकडच्या वाडीवरचा, चौदा वर्षं दुकानात कामाला. एकदाही त्यानं काडी आत नेली नव्हती.

अशा दुकानाला मंगळवारी सकाळी आठ वाजता आग लागली.

केरू शटर उघडायला आला तर फटीतून काळा धूर. नगरपालिकेचा बंब येईतो त्यानंच आतला भरलेला हंडा आगीवर उपडा केला, गाद्या ओढून रस्त्यावर टाकल्या, हात भाजून घेतला. मागल्या बाजूच्या अकरा गाद्या आणि दोन पलंग गेले. बाकीचा माल धुरानं काळा पडला. साडेआठला बायजाबाई नेहमीप्रमाणं एसटी स्टँडकडून पिशवी घेऊन आली आणि रस्त्यात उभी राहिली. लोक म्हणाले, "बिचारी पेणवरून येते, तिला काय माहीत!"

तिला माहीत होतं. धूर दिसल्याबरोबर माहीत झालं होतं.

कारण बायजाबाई पेणवरून येत नव्हती. दीड वर्षात एकदाही आली नव्हती.

गडब गावातलं घर रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं तेव्हा आलेल्या पैशातून पेणला फ्लॅट झाला, लेकाच्या, रितेशच्या नावावर. ती तिथं राहायची, रोज एसटीनं जा-ये करायची. मग रितेशला गुजरातेत कंपनी लागली. सून नूतन आणि नातू त्याच्याबरोबर गेले आणि फ्लॅट भाड्यानं दिला. जाताना नूतननं विचारलं, "आई, येताय ना तुम्ही?" बायजाबाई म्हणाली, "मला काय करायचंय त्या मुलखात?" एकदाच विचारलं. दोनदा विचारलं असतं तर ती गेली असती.

लेकाला तिनं सांगितलं, रोह्यात ओळखीच्या हौसाकडं भाड्यानं खोली घेतल्ये. रोह्याला काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी सहाला पिशवी उचलायची, "चलते गो, गाडी चुकंल," म्हणत स्टँडवर जायचं, पेणची गाडी सुटताना बघायची. केरू दुकान बंद करून गेला की मागच्या गल्लीतून, मागच्या दारानं आत. सकाळी उजाडायच्या आत बाहेर, परत स्टँडवर, एक चहा, आणि साडेआठला 'पेणवरून' दुकानात. येताना बातम्याही आणायची. "वडखळला एवढे खड्डे, कंबर गेली माझी." "काल सुनेनं वालाचं बिरडं केलं होतं, पण हात सढळ नाय गो तिचा, नारळ घालताना मोजते." शेजारच्या बायका हसायच्या. न खाल्लेल्या बिरड्याला ती इतकी नावं ठेवायची की तिला स्वतःलाच त्याचा वास यायचा.

पस्तीस-चाळीस गाद्यांच्या मधे ती जमिनीवर झोपायची, जुन्या गोधडीवर. विकायच्या मालावर अंग टाकणं म्हणजे गिऱ्हाईकाच्या ताटात जेवणं, असं तिचं मत. पण नदीकाठचे डास मत विचारत नाहीत. म्हणून पत्र्याच्या बशीवर डासांची अगरबत्ती. उठल्यावर पाण्यात बुडवून विझवायची. मंगळवारी बुडवली होती का? ती तीन दिवस हेच आठवत होती. आठवत नव्हतं.

गुरुवारी विमा कंपनीकडून सर्व्हेअर आली. अनिता नावाची, तिशीतली, पायात बूट, हातात फाइल. शेजारचा भांडीवाला मिथुन न बोलावता हजर होता. त्याच्या दुकानाची भिंत काळी झाली होती, म्हणून त्याला हक्क वाटत होता.

"मॅडम, मी सांगतो," तो म्हणाला. "शेवटी बंद कोण करतो? केरू. पहिला उघडतो कोण? केरू. बिडी कोण ओढतो?"

"आणि मधे नाक कोण खुपसतो?" बायजाबाई म्हणाली. "तुझ्या भांड्यांवर धूळ बसल्ये, जा पूस."

पण आवाजात रोजची धार नव्हती. मिथुनलाही ते कळलं असावं. तो हलला नाही.

अनितानं फोटो काढले, गाद्या मोजल्या, मीटर बघितला. "वायरिंग चांगलं आहे. इथून नाही लागलेली," असं म्हणत ती मागच्या कोपऱ्यात वाकली आणि पेनानं राख बाजूला केली. खाली पत्र्याची बशी निघाली आणि गोधडीचा अर्धा जळका तुकडा. ठिगळं हिरव्या लुगड्याची होती. बायजाबाईच्या लग्नातलं लुगडं.

"ही काही मालातली नाही," अनिता म्हणाली. "इथं कोण झोपतं? फॉर्मवर तर लिहिलंय, दुकान बंद झाल्यावर आत वस्ती नाही. सही कुणाची, आजी?"

"माझीच. रितेशनं भरलान, मी सही केली." तेव्हा ते खरंही होतं.

"मग हे काय आहे?"

बायजाबाईनं तोंड उघडलं. रस्त्यावर पाच-सहा जण थांबले होते. त्यात सोमवारीच जिला तिनं सुनेच्या हातच्या पोळ्या जाड होतात म्हणून सांगितलं होतं ती धोंडुबाई पण होती. बायजाबाईनं तोंड मिटलं.

"माझी हाय ती," केरू म्हणाला.

सगळे वळले. हाताला फडकं गुंडाळून तो दारात उभा होता. "मी झोपतो तितं. दुपारचा. डास चावतात म्हून अगरबत्ती लावली. इझवायची राहिली."

"बघा!" मिथुन म्हणाला. "वाडीवरची माणसं कितीही पोसा. मावशी, आग लागल्यावर रितेशभाऊनं फोनवर सांगितलं ना, याला काढून टाक म्हणून? उद्यापासून या बाजारात याला कोण उभं करतो बघतोच मी."

अनिता लिहू लागली होती. "दुपारची दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जळत राहिली?"

"संध्याकाळला लावली असंल."

"ठीक आहे. कामगाराच्या चुकीनं अपघात. त्यात क्लेम अडत नाही, आजी. पण आत कुणी राहत होतं असं निघालं, तर फॉर्म खोटा ठरतो. मग कंपनी काय करेल, माझ्या हातात नाही. केरू, सही येते का?"

"येते. येळ लागतो." त्यानं पेन घेतलं. जळक्या हातात धरता येईना म्हणून डाव्या हातात घेतलं.

बायजाबाई त्या हाताकडं बघत होती. मग तिची नजर कोपऱ्यातल्या पितळी हंड्यावर गेली. आगीत उपडा केलेला, पोचे आलेला हंडा. दीड वर्षापासून केरू जाताना तो भरून ठेवायचा. ती रोज ओरडायची, "बंद दुकानात हंडा कशाला भरतोस रे? गाद्या काय पानी पितात?" तो म्हणायचा, "असूं दे, बाय." आणि दुसऱ्या दिवशी परत भरायचा. ती म्हणायची, डोक्यानं मंद आहे.

दीड वर्ष ती त्याच हंड्यातलं पाणी पीत होती.

"ठेव ते पेन," ती म्हणाली.

"बाय, होऊं दे," केरू हळूच म्हणाला. "माझं काय जातंय?"

"तुझं काय जातंय ते मी सांगते. चौदा वर्षं जातात तुझी." ती उंबऱ्याबाहेर गेली, कोनाड्यात हात घातला आणि बिडीचं बंडल, काडेपेटी आणून अनिताच्या फाइलवर ठेवली. "ही याची. मंगळवारपासून तितंच हाय, कुणी वळून बघितलं नाय. या मानसानं कदी काडी आत आनली नाय. विस्तव आत आनला तो मी. गोधडी माझी, अगरबत्ती माझी. मी राहते हितं."



"पन तू तर पेनला..." धोंडुबाई म्हणाली.

"पेनला भाडेकरू राहतात. लेक गुजरातेत राहतो. मी गाद्यांत राहते. आनखी कुनाला काय विचारायचं हाय?"

मिथुन आपल्या काळ्या भिंतीकडं बघत राहिला, मग दुकानात गेला. बायजाबाईला वाटलं, त्यानं काहीतरी टोचून बोलावं; चार उत्तरं तयार होती तिच्याजवळ. तो परत बाहेर आला नाही.

अनितानं लिहिलेलं पान फाडलं. "आजी, हे लिहिलं तर क्लेम अडेल. कदाचित मिळणारही नाही. आणि कंपनीचं पत्र तुमच्या मुलाला जाईल, मेल त्याचाच दिलाय. परत विचारते. लिहू?"

इथं कुणीतरी दोनदा विचारलं, हे बायजाबाईच्या ध्यानात आलं.

"लिही पोरी. आनि अक्षर नीट काढ."

संध्याकाळी सहा वाजले. बायजाबाईचा हात आपोआप पिशवीकडं गेला आणि तिथंच थांबला. ती पायरीवर बसली. समोरून पेणची गाडी गेली. रोज या वेळी तिला बघून कुणी ना कुणी ओरडायचं, "बाय, गाडी चुकंल गो!" आणि ती म्हणायची, "तुझ्या बापाची हाय का गाडी?" आज बाजार तोच होता, माणसं तीच होती. धोंडुबाई समोरून गेली, तिनं पदर सावरला आणि पुढं गेली. कुणी हाक मारली नाही.

केरूनं पोचे आलेला हंडा धुतला, भरला आणि आत नेऊन ठेवला. कोनाड्यातलं बंडल घेतलं.

"सकाळला लवकर येतो. काळ्या गाद्या वेगळ्या काढायच्या हायत."

"ये. आनि त्या हाताला कायतरी लाव, मेल्या."

तो पुलाच्या दिशेनं गेला. पिशवीत फोन वाजायला लागला. रितेश. नाव दिसत होतं तोवर ती बघत राहिली, नाव गेल्यावरही बघत राहिली. परत वाजेल म्हणून तिनं फोन मांडीवर ठेवला.

रस्त्यावरची शेवटची माणसं पांगली. फोन परत वाजला नाही. तेव्हा ती उठली, दीड वर्षात पहिल्यांदा रात्रीची पुढच्या दारानं आत गेली आणि घरात आल्यासारखं तिनं आतून शटर खाली ओढलं.