गोजरबाईची जाग

संतरामचा श्वास झोपेत थांबायचा. आधी जोरात घोरणं, मग एकदम शांतता. गोजरबाई उशाशी बसून वाट बघायची आणि फारच वेळ गेला की नवऱ्याचा दंड धरून हलवायची. तो धापा टाकत उठायचा अन् तिच्यावरच खेकसायचा, "काहून उठवून राहिली?"

दोन वर्षं असंच चाललं होतं. त्याचं हृदय आधीच कमजोर. पाय सुजायचे, कुरुंदा गावच्या पारापर्यंत जाता जाता दोनदा बसावं लागायचं.

२००६ साली औरंगाबादच्या डॉक्टरांनी त्याला झोपवून तपासलं आणि नाकावाटे दाबानं हवा सोडणारं मशीन लिहून दिलं. म्हणाले, "यानं हृदय नवं होणार नाही. गोळ्या चालूच ठेवा. पण झोपेत श्वास अडणार नाही, हृदयावरचा ताण हलका होईल."

मुलानं, भागवतनं, मशीन खाटेशेजारी मांडलं. संतरामनं पहिल्याच दिवशी मास्क ओढून फेकला.

"मी काय बैल हाय का, मुसकं घालायला?"

आठ दिवस तेच. पट्टे आवळले की त्याचा जीव घाबरा व्हायचा, तो खोलीत येरझारा घालायचा आणि गोजरबाई त्याच्या मागं मागं.

नवव्या दिवशी दुपारी ती चिडली. "मीच लावते. मरते का बघा." तिनं मास्क चढवला, बटण दाबलं, आडवी झाली आणि पाचच मिनिटांत गाढ झोपली.

संतराम बघत बसला. बाई हालेना. छाती वरखाली होते का, तेही नीट कळेना. त्यानं हात पुढं केला, मागं घेतला. हलवावं तर झोपमोड, न हलवावं तर जीव थाऱ्यावर नाही. तासभर तो तसाच बसला.

लोडशेडिंग सुरू झालं, मशीन बंद पडलं, तेव्हा ती जागी झाली.

"तू रोज असंच बसतीस?" त्यानं विचारलं.

"व्हय."

लाईट आल्यावर मास्क त्यानंच मागून घेतला.

मग घराची झोप लाईटच्या वेळेवर चालू लागली. कधी दुपारी, कधी पहाटे. महिन्याभरात त्याचा चेहरा उजळला. गोजरबाईला मात्र झोप लागेना. मशीन चालू असतानाही ती दचकून उठून बसायची.

"झोप की आता," तो मास्क वर करून म्हणायचा.

"तुमी झोपा. मला अजून भरोसा न्हाई."