दोन बोटं आटलेला दोरा

कुरुळीत दर गुरुवारी कोंडाजी महाराजांच्या पत्र्याच्या शेडपुढे रांग लागायची. शिफ्ट सुटलेली माणसं कंपनीच्या कपड्यांतच उभी असत. कुणाच्या पोटात गाठ असली की महाराज त्या पोटाच्या मापाचे दोन कोरे सुती दोरे कापत. एक घरच्यांकडे देत, दुसरा हळदीच्या तीर्थात टाकत. पुढच्या गुरुवारी तीर्थातला दोरा दोन बोटं आखूड भरे आणि लोक हात जोडत.

"दोरा आटला तेवढी गाठ आटली. कापाकापीचं काम न्हाई," महाराज म्हणत.

माझ्या शेजारच्या शेखरची मुलगी सलोनी पंधरा वर्षांची. सोनोग्राफीत तिच्या अंडाशयावर पाण्याची मोठी गाठ दिसली होती, आत एक घट्ट भागही होता. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. शेखरने तीन गुरुवार घालवले. दोरा आटतोय की मावशी, असं मलाच समजवायचा. इकडे मी सलोनीचा शाळेचा कुर्ता दुसऱ्यांदा उसवून सैल करत होते.

पन्नास वर्षांपूर्वी याच कोंडाजीच्या बापाने माझ्या धाकट्या बहिणीला, चिमाला, असाच दोरा दिला होता. पोट फुगून ती गेली. तेव्हा मला शिवण येत नव्हती.

चौथ्या गुरुवारी मी रांगेत उभी राहिले आणि महाराजांचंच पोट मोजायला मागितलं. लोक हसले. महाराजांना नाही म्हणता येईना. त्यांच्याच रिळातले दोन दोरे त्यांच्या ढेरीच्या मापाने कापले. एक नळाच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवला. तासाभराने दोन्ही सगळ्यांसमोर जोडून धरले.

"महाराज, तासात ढेरी दोन बोटं उतरली. सदरा आत घेऊन देऊ का?"

मग सांगितलं, कोरं सूत भिजलं की आटतं. म्हणूनच ब्लाउजचं अस्तर आम्ही आधी भिजवतो. शेखर रिक्षा आणायला गेला.

ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठीच्या आत कॅन्सर वाढत होता. या वयात क्वचित आढळतो, पण आढळतो, असं डॉक्टर म्हणाल्या. बाहेर पसरला नव्हता. सलोनी वाचली, तपासण्या मात्र कित्येक वर्षं चालतील.

मी पोलिसांत तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली कोंडाजीला अटक झाली. त्याची बायको माझ्या दारात येऊन रडली.

"मावशी, म्हातारं माणूस हाय. सोडा की आता."

मी तिला पाणी दिलं. तक्रार मागे घेतली नाही, घेणारही नाही.

मुलीचं पोट वाढत असेल तर तिला डॉक्टरकडे न्या. आजार बरा केला म्हणणाऱ्याकडे पुरावा मागा. तो चिडला, तर मुलीचा हात धरून तिथून निघा.